टाचणीमावशी आणि जस्ताची गोळी

टाचणीमावशींना सगळे अबोल समजायचे, आणि यात मावशींचा काडीचाही दोष नव्हता. ज्या बाईच्या ओठांत सकाळी नऊपासून संध्याकाळी सातपर्यंत सोळा टाचण्या धरलेल्या असतात, ती बोलणार कधी? गिऱ्हाईक आरशासमोरच्या चौथऱ्यावर उभं राहायचं, मावशी गुडघे टेकून खालचा घेर सारखा करायच्या, आणि वरून गिऱ्हाईक सासूचं, नवऱ्याचं, शेजारणीचं सगळं गाऱ्हाणं सांगून मोकळं व्हायचं. मावशी नुसतं "हं" म्हणायच्या. त्या एका "हं"मध्ये कुणाला माया ऐकू यायची, कुणाला शहाणपण. "मावशींजवळ बोललं की कसं हलकं वाटतं," असं बायका एकमेकींना सांगायच्या. खरं म्हणजे मावशींना प्रत्येक गोष्टीवर भरपूर काही म्हणायचं असायचं. पण तोंड मोकळं होईपर्यंत गिऱ्हाईक पायऱ्या उतरून गेलेलं असायचं. मग ते सगळं मागच्या खोलीत मशीनवर बसलेल्या नणंदेला ऐकावं लागायचं.

टाचण्या सोळाच का, तर मावशींना शिवण शिकवणाऱ्या बाईंचा तसा दंडक होता. तोंडात घालताना मोजायच्या, तोंडातून काढताना मोजायच्या, कापडाला लावल्या असतील तर त्या धरून मोजायच्या. सत्तावीस वर्षांत मावशींची एखाद दिवशीची प्रार्थना चुकली असेल, पण मोजणी चुकली नाही.

त्या मंगळवारी सकाळी त्यांना पहिली शिंक आली. दुपारपर्यंत नाक असं चोंदलं की त्यातून हवेला जायला वाट उरली नाही. आता आली का पंचाईत! नाक बंद आणि तोंडात टाचण्या, मग माणसानं श्वास घ्यायचा कुठून? मावशींनी तोडगा काढला. आठ टाचण्या डावीकडे, आठ उजवीकडे, आणि मधल्या फटीतून हवा. काम चालू झालं, पण दर श्वासाला बारीक शीळ वाजायला लागली.

"वहिनी, किटलीसारख्या वाजताय," नणंद आतून म्हणाली. "आच कमी करू का?"

"हं," मावशी म्हणाल्या. या "हं"मध्ये माया अजिबात नव्हती.

मावशींचे यजमान तीन दुकानं पलीकडे औषधांच्या दुकानात काम करायचे. तीस वर्षं काउंटरमागे उभं राहून त्यांच्या बोलण्याला औषधाच्या पत्रकाचं वळण लागलं होतं. घरात कुणाला ताप आला तर "अंग गरम लागतंय का?" असं न विचारता ते "लक्षणं कधीपासून?" असं विचारायचे. जेवायच्या सुट्टीत ते एक डबी घेऊन आले.

"ही घे. जस्ताची गोळी. झिंक, झिंक. चघळायची."

"मी वाफ घेतेय की."

"घे ना, नको कोण म्हणतं? पण ही चोवीस तासांच्या आत सुरू केली तरच तिचा काही उपयोग. पहिली शिंक किती वाजता आली?"

"मी काय शिंकांची वही ठेवते?"

"सव्वानऊला," नणंद आतून म्हणाली. "माझा चहा सांडला तेव्हा."

यजमानांनी घड्याळ पाहिलं, समाधानानं मान हलवली आणि पत्रक उलगडलं. "दर दोन तासांनी एक, जागेपणी. चावायची नाही, गिळायची नाही, गालात धरून आपोआप विरघळू द्यायची. उपाशीपोटी नाही, मळमळतं. आणि आंबट बंद. ते तुझं लिंबूपाणी तर मुळीच नाही."

"आणि मग सर्दी जाते?"

यजमान कधी खोटं बोलत नसत, हा त्यांचा मोठा गुण आणि औषध विकणाऱ्याच्या दृष्टीनं थोडा दोष. "काहींची एक-दोन दिवस लवकर जाते म्हणतात. काहींची नाही जात. ठाम कोणी सांगत नाही."

"म्हणजे तुम्हालाही माहीत नाही."

"मला एवढं माहीत आहे, की गुरुवारी तुला मोठ्या बाईंचा पोशाख द्यायचाय."

यावर मावशींनी मुकाट्यानं गोळी तोंडात टाकली.

मोठ्या बाई म्हणजे शाळेच्या मुख्याध्यापिका. अर्धी वस्ती त्यांच्या हाताखालून गेलेली. एकतीस वर्षं त्या दोन राखाडी पोशाख आलटून पालटून वापरत आल्या होत्या. आता गुरुवारी संध्याकाळी पाच वाजता शाळेच्या सभागृहात त्यांचा निरोपसमारंभ होता, आणि त्यासाठी त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा गर्द निळं कापड आणलं होतं. पूर्ण बाह्या, पायघोळ, आतून अस्तर. "तुमच्यावर सोपवलं," एवढंच म्हणाल्या होत्या. वह्यांची पिशवी वाहून वाहून त्यांचा डावा खांदा उजव्यापेक्षा बोटभर खाली आला होता. तो कुणाच्या नजरेत येऊ नये असा पोशाख बेतायचा म्हणजे खेळ नव्हता. आठ दिवस मावशींच्या डोक्यात दुसरा विषय नव्हता. सगळं गाव तो पोशाख बघणार होतं. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे मोठ्या बाई स्वतः तो आरशात बघणार होत्या.

गोळीची चव कशी होती म्हणाल, तर तोंडात जुनी किल्ली धरून बसल्यासारखी. चहा प्यायला तर चहा पत्र्याचा लागायचा, भात खाल्ला तर भात पत्र्याचा. पण मावशी नेमानं चघळत राहिल्या. दर दोन तासांनी आठवण राहावी म्हणून यजमानांनी घरातलं गजराचं घड्याळ दुकानात आणून ठेवलं होतं. ते असं काही खणखणायचं, की चौथऱ्यावरचं गिऱ्हाईक हात वर करून उभं राहायचं. (सर्दी पुढे रविवारी गेली. यजमान म्हणाले, गोळी नसती तर मंगळवार उजाडला असता. नणंद म्हणाली, गोळी नसती तरी रविवारीच गेली असती. हा वाद त्या घरात अजून चालू आहे, आपण त्यात न पडलेलं बरं.)

तर गुरुवार. दुपारी एक वाजता मोठ्या बाई शेवटचं माप बघायला आल्या. आठवडाभर जो तो निरोपाला घरी यायचा, त्यामुळे धड जेवण नाही, आणि पोशाख पाठीत सैल झालेला. मावशींनी डाव्या खांद्याखाली सैल कापड दुमडून एक चिमट घ्यायचं ठरवलं. सर्दीचा तिसरा दिवस, म्हणजे सगळ्यात वाईट. डोळ्यांतून पाणी, कानांत दडे. पण हात नेहमीसारखा चालत होता.

"उद्या सकाळी सातला मी कुठे जाऊ हो, मावशी?" मोठ्या बाई आरशाकडे बघत म्हणाल्या. "पाय आपोआप शाळेकडे वळतील. शिपाई म्हणेल, बाई, आज काय विसरलात?"

"हं," मावशी म्हणाल्या, आणि या वेळी त्यांना खरंच वाईट वाटलं. म्हणायचं बरंच होतं. पण ओठांत टाचण्या. त्यांनी पहिली टाचणी चिमटीच्या खालच्या टोकाला, अस्तर उचलून आतून लावली, म्हणजे कापड सरकणार नाही.

तेवढ्यात गजर झाला.

आता नियमानं काय करायचं? टाचण्या काढायच्या, मोजायच्या, मग गोळी घ्यायची. पण मोठ्या बाई तिष्ठत उभ्या, वेळ कमी. मावशींनी विचार केला, गाल तर रिकामाच आहे. त्यांनी ओठांच्या कोपऱ्यातून बोटानं गोळी आत सरकवली. एका गालात गोळी, ओठांत टाचण्या, मधल्या फटीतून श्वास. अशा अवस्थेत माणसाला शिंक आली नाही तरच नवल.

शिंक आली ती अशी, की आरसा हलला. टाचण्या चारही दिशांना उडाल्या. काही गालिच्यात, काही पडद्यात, दोन मोठ्या बाईंच्या केसांत. आणि शिंकेआधी जो मोठा श्वास ओढला गेला, त्याबरोबर काहीतरी मावशींच्या घशातून खाली गेलं.

"एकतीस वर्षांत मुलांनी मला खडू मारलेत," मोठ्या बाई केसांतल्या टाचण्या काढत म्हणाल्या, "पण हे नवीन आहे हो!"

मावशी लाजून अर्ध्या झाल्या. नणंद धावत आली. पोशाख उतरवला, नणंदेनं चिमट मशीनवर मारली, इस्त्री फिरवली. तोवर मावशी गालिच्यावर रांगत टाचण्या वेचत होत्या. मोठ्या बाईंनी पोशाख घातला आणि आरशात पाहिलं. दोन्ही खांदे एका ओळीत. त्यांनी मावशींचा हात दाबला आणि त्या गेल्या. बहिणीकडे जाऊन तिथून थेट सभागृहात.

मग मावशींनी टाचण्या मोजल्या.

पंधरा.

पुन्हा मोजल्या. पंधरा. नणंदेनं मोजल्या. पंधरा. गालिचा उचलून झटकला, पडद्याची घडीन् घडी चाचपली. नणंदेला चौथऱ्याच्या पायाशी एक पांढरं काहीतरी सापडलं. तिनं चिमटीत धरून वर केलं, त्याला दोऱ्याचे तुकडे चिकटले होते.

"वहिनी, ही तुमची गोळी."

मावशींच्या तोंडचं पाणी पळालं. "गोळी इथे आहे?"

"हो की."

"मग माझ्या घशातून गेलं ते काय?"

मावशींनी जीभ टाळ्यावर फिरवली. लोखंडी चव. सत्तावीस वर्षं टाचण्या तोंडात धरलेल्या बाईला ती चव कळणार नाही तर कुणाला? घशात चव, जिभेच्या मागे चव, पार छातीपर्यंत चव.

"वन्सं," त्या खुर्चीवर बसत म्हणाल्या, "मी टाचणी गिळली."

"नाहीतर," नणंद हळूच म्हणाली, "ती पोशाखात आहे."

नणंदेचा हा स्वभावच. एक संकट असलं तर शेजारी दुसरं आणून ठेवायची, म्हणजे पहिल्याला सोबत होईल. मावशींच्या डोळ्यांपुढे सभागृह उभं राहिलं. मोठ्या बाई खुर्चीत टेकून बसतायत. आणि शेवटी सगळी मुलं एकेक करून त्यांच्या गळ्यात पडणार, हे तर निमंत्रणपत्रिकेवरच छापलं होतं. चारशे मुलं! पहिलीतली पोरं केवढी असतात? त्यांचं तोंड नेमकं कुठे येईल?

"फोन लावा," मावशी म्हणाल्या.

फोन बंद. सकाळपासून निरोपाचे फोन येत होते म्हणून मोठ्या बाईंनी तो बंदच करून टाकला होता. बहीण कुठे राहते ते दोघींपैकी एकीलाही माहीत नव्हतं.

नणंदेनं बोलावणं धाडलं तसे यजमान आले ते धापा टाकत. "आधी दवाखाना."

"आधी शाळा."

"शाळेत पाच वाजल्याशिवाय कुणी येणार नाही. तोवर पोट बघून घेऊ. पोटात असली तर पोशाखात नाही, एवढं तरी कळेल."

हे मात्र मावशींना पटलं. दवाखान्याच्या बाकावर बसल्या बसल्या त्यांनी डोळे मिटले आणि मनातल्या मनात म्हणाल्या, "देवा, तुझ्याकडे मी कधी काही मागितलं नाही. म्हणजे मागितलं, पण दरवेळी दुसऱ्यासाठी. आज माझ्यासाठी मागते. ती टाचणी माझ्या पोटात असू दे." देवाला माणसं काय काय मागतात, हे तोच जाणे. पण असं मागणं त्याच्या कानावर त्या दिवशी पहिल्यांदाच गेलं असावं. ते ऐकून तो घटकाभर तरी विचारात पडला असेल.

डॉक्टर तरुण होती. मोठ्या बाईंचीच विद्यार्थिनी, समारंभाला जायचं म्हणून पर्स खांद्याला लावून तयार बसलेली.

"काय झालं?"

"टाचणी गिळली," यजमान म्हणाले.

"गिळली असं ठामपणे नाही," मावशी चोंदलेल्या नाकातून म्हणाल्या, "पण गिळलेली असावी अशी फार इच्छा आहे."

डॉक्टरनं यजमानांकडे पाहिलं. यजमानांनी छताकडे पाहिलं.

"पोटात दुखतंय?"

"नाही."

"टोचतंय कुठे?"

"मनाला."

"मग टाचणी आत आहे हे कशावरून?"

"चव येतेय. लोखंडाची. पार घशापर्यंत."

"कधीपासून?"

"मंगळवारपासून."

"आणि टाचणी गिळली कधी?"

"आज दीड वाजता."

डॉक्टरनं पेन खाली ठेवलं. मग यजमान खाकरले. "ती बहुतेक... गोळीची चव. जस्ताची गोळी चघळतेय ती सर्दीवर. पत्रकात लिहिलेलं असतं तसं. तोंडाला धातूची चव येते."

मावशी गर्रकन वळल्या. "मग तुम्ही मला हे आधी का नाही सांगितलंत?"

"तू मला कुठे सांगितलंस, की तू चवीवरून टाचणी ओळखतेस!"

"सत्तावीस वर्षं संसार केलात, एवढं कळू नये?"

"बरं, बरं," डॉक्टर म्हणाली. "खाली काहीतरी गेलं म्हणता ना? मग फोटो काढूनच घेऊ."

आतल्या खोलीतल्या क्ष-किरणवाल्यानं नेहमीचा प्रश्न विचारला. "अंगावर धातूचं काही आहे का?"

"अंगावर नाही," मावशी म्हणाल्या. "आत आहे, देवाच्या दयेनं."

फोटो यायला पाच वाजून पाच झाले. डॉक्टरनं तो उजेडासमोर धरला, वरून खाली पाहिला, खालून वर पाहिला आणि हसून म्हणाली, "मावशी, पोट एकदम स्वच्छ. टाचणीबिचणी काही नाही. गोळीचा एखादा तुकडा मोडून गेला असेल घशातून, तो कधीच विरघळला."

मावशींनी पदर तोंडाला लावला आणि हमसून हमसून रडायला लागल्या.

"अहो, आनंदाची बातमी आहे," डॉक्टर म्हणाली.

"कसली आनंदाची!" मावशी म्हणाल्या. "म्हणजे ती पोशाखात आहे!"

डॉक्टरला सगळं सांगायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात ती गाडीची किल्ली घेऊन दारात पोचली होती. तिघं सभागृहात शिरले तेव्हा तिसरं भाषण चालू होतं. मावशी शेवटच्या रांगेमागे भिंतीला टेकून उभ्या राहिल्या आणि त्यांनी स्टेजकडे पाहिलं.

मोठ्या बाई मधल्या खुर्चीत बसल्या होत्या. गर्द निळ्या पोशाखात त्या अशा दिसत होत्या, की पहिल्या क्षणी मावशी टाचणी विसरल्या. मग त्यांच्या लक्षात आलं. मोठ्या बाई फार ताठ बसल्या होत्या. त्या पोशाखाची पाठ एवढं ताठ बसण्यासाठी बेतलेली नव्हती. वक्त्यानं काही चांगलं म्हटलं, की त्या किंचित मागे रेलायच्या, चेहऱ्यावरून काहीतरी सर्रकन जायचं, आणि पुन्हा सरळ. लोकांना वाटत होतं, बाईंना गहिवरून येतंय. मावशींना मात्र बरोबर दिसलं. डाव्या खांद्याखाली, चिमटीचं खालचं टोक. अस्तराच्या आत. पहिली टाचणी, तोंडातली नव्हे, आपल्या हातानं लावलेली! शिंकेच्या गोंधळात ती मोजणीतून सुटली. आणि नणंदेला ती वरून दिसणार तरी कशी?

भाषण संपलं. "आता आपली मुलं मोठ्या बाईंना निरोप देतील," असं सूत्रसंचालकानं जाहीर केलं. बाजूच्या दारातून पहिलीचा वर्ग आत यायला लागला. प्रत्येकाच्या हातात एक फूल, छातीवर पिनेनं लावलेला रुमाल.

गप्प राहिलं असतं तरी चाललं असतं. टाचणी कुणाला लागली असती, नसती. लागली असती तरी दोष नणंदेच्या मशीनवर ढकलता आला असता, किंवा कापडावर, किंवा नशिबावर. यजमान कानाशी म्हणालेसुद्धा, "थांब, कार्यक्रम संपल्यावर हळूच..." पण मावशी तोवर निघाल्या होत्या. मधल्या वाटेनं, चारशे मुलं आणि त्यांच्या आईबापांसमोरून, नाक पुसत. स्टेजच्या तीन पायऱ्या त्या चढल्या आणि मोठ्या बाईंच्या खुर्चीशी वाकल्या. माइक तिथेच होता, तो चालू आहे हे त्यांना कुठे माहीत!

"बोठ्या बाई," मावशींचा चोंदलेला आवाज सभागृहभर घुमला, "तुमच्या पोशाखात बाझी टाचणी राहिलीय. बला बाफ करा."

मोठ्या बाईंनी मान वळवली. "माहीत आहे मला," त्या म्हणाल्या. "बहिणीकडे बसले तेव्हाच कळलं. हात पोचेना."

"मग कुणाला काढायला का नाही सांगितलंत?"

"आधी सांगणार होते." मोठ्या बाईंचा आवाज खाली आला, पण माइकला काय त्याचं? "मग पहिलं भाषण सुरू झालं आणि माझ्या घशात दाटून यायला लागलं. जरा मागे रेलले. टोचली. रडू गेलं. म्हटलं, असू दे. तीन भाषणं मी हिच्या जिवावर काढलीत, मावशी."

खाली कुणीतरी हसलं, मग सगळेच हसले.

"आता मात्र काढा," मोठ्या बाई म्हणाल्या. "पोरं येतायत."

मावशींनी अस्तरात बोटं घातली, टाचणी अलगद ओढून काढली, आणि सवयीनं सरळ ओठांत धरली.

"अगं, तोंडात नको!" यजमान मागच्या रांगेतून ओरडले. "आत्ताच तर पोट बघितलंय!"

हशा थांबेपर्यंत यजमान स्वतः स्टेजपाशी आले आणि हात पुढे करून टाचणी ताब्यात घेऊन गेले. पण तेवढ्यात मावशींच्या बोटांना काहीतरी जाणवलं. टाचणी निघाली तसा चिमटीचा खालचा दोरा सुटायला लागला होता. घाईत नणंदेनं टाक्यांचा शेवट पक्का केलाच नव्हता, टाचणीनंच तो धरून ठेवला होता. पहिलं पोर मोठ्या बाईंच्या गळ्यात पडलं, आणि दोन टाके उसवले. दुसरं पडलं, आणखी तीन. सुई-दोरा दुकानात, टाचणी यजमानांकडे. अशानं पन्नासाव्या मुलापर्यंत पाठ उघडी पडली असती.

मावशींनी दोन बोटांच्या चिमटीत शिवण घट्ट धरली आणि खुर्चीमागे उभ्या राहिल्या.

इकडे मोठ्या बाईंना आता टोचायला काही नव्हतं. तिसऱ्या मुलीनं फूल दिलं, आणि त्यांचे डोळे भरले. पाचव्याला त्या जवळ घेऊन उघड उघड रडायला लागल्या. रडता रडता प्रत्येकाचं नाव बरोबर घेत होत्या, वर्गातल्या मागच्या मांडणीवरून नेलेलं पुस्तक कधी परत करणार तेही विचारत होत्या. त्यांचा खांदा हुंदक्याबरोबर हलायचा, त्याबरोबर मावशींचा हात हलायचा. एका हातात शिवण, दुसऱ्यात मोठ्या बाईंनी मागे दिलेली फुलं. फुलं वाढत गेली. आणि मावशींचं नाक वाहायला लागलं. पुसणार कशानं? शिवण सोडली तर अब्रू जाते, फुलं सोडली तर मुलांचं मन मोडतं. मावशी नाक वर ओढत, छताकडे बघत उभ्या राहिल्या.

पहिलीच्या रांगेतली शेवटची मुलगी फूल देऊन झाल्यावर जाईना. ती खुर्चीला वळसा घालून मागे आली आणि मान वर करून मावशींकडे बघत राहिली.

"तुमचं नाक वाहतंय," ती म्हणाली. "मोठ्या बाईंना चालत नाही."

"बाझे हात गुंतलेत, बाळ."

मुलीनं क्षणभर विचार केला. मग छातीवरचा रुमाल पिनेसकट पुढे ओढला, टाचा उंचावल्या, आणि मावशी वाकल्या तेव्हा त्यांचं नाक जसं तिची आई तिचं पुसत असेल तसं, दोनदा, जोर लावून पुसलं. मोठ्या बाईंनी वळून ते पाहिलं. रडता रडता त्यांना असं हसू फुटलं, की चिमटीचे उरलेसुरले टाकेही गेले. मावशींनी बोटं आणखी घट्ट आवळली. अजून तीनशे साठ मुलं यायची होती.